गोपिकाबाईचा नकार

वर्धा शहर मागं पडलं की पिपरी मेघे लागायची. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला तिथं घरं थोडी आणि भाजीच्या वाड्या जास्त होत्या. त्यातली एक वाडी नत्थूजींची. नांगर-वखर आणि पाणी देणं नत्थूजींकडे. पण वांगी तोडणं, पालकाच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधणं आणि टोपलं डोक्यावर घेऊन वर्धेच्या बाजारात जाऊन बसणं हे सारं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे होतं. तिचं नाव गोपिकाबाई.

गोपिकाबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असे, हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. नवरा होता. धाम नदीच्या पलीकडच्या गावात त्याचं मोठं घर होतं आणि त्या घरात त्याची दुसरी बायको नांदत होती. गोपिकाबाई भावाकडे राहून म्हातारपणाकडे झुकली होती. गावात तिला तोंडावर गोपिकाबाई म्हणत आणि पाठीमागं जेलवाली म्हणत.

बेचाळीस साली तुरुंगात गेलेल्या पुरुषांना पुढं मान मिळाला. कोणी पुढारी झाला, कोणी सोसायटीचा चेअरमन. त्यांच्या बोलण्यात तुरुंगाचा विषय निघाला की लोक खुर्ची पुढं सरकवून ऐकत. गोपिकाबाईच्या तुरुंगाचा विषय मात्र निघू नये म्हणून सारं घर जपत असे. बाई माणूस जेलात राहून आली म्हटल्यावर लोकांच्या मनात वेगळेच प्रश्न यायचे आणि ते कोणी उघड विचारत नसे, त्यामुळं त्यांना उत्तरही देता येत नसे. नत्थूजींच्या पोरींना पाहायला पाहुणे यायचे असले की गोपिकाबाई सकाळीच आपण होऊन वाडीवर निघून जायची आणि पाहुणे गेल्यावरच घरी यायची. तिला जा असं कोणी म्हटलं नव्हतं. पण थांब असंही कोणी म्हटलं नाही.

झालं होतं ते असं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. बेचाळीसचा पावसाळा होता. सासूनं गोपिकेला काही जिन्नस आणायला शेजारणींबरोबर वर्धेला पाठवलं होतं. बाजारात त्या दिवशी धरपकड चालली होती. पकडलेल्या माणसांना पोलिसांच्या लॉरीत कोंबलं होतं आणि लॉरी निघायच्या बेतात होती. तेवढ्यात दहा-पंधरा बायका गर्दीतून पुढं आल्या आणि चिखलात, रस्त्यावर, लॉरीच्या तोंडापुढं आडव्या झाल्या. त्यांच्यात पुढं होती आनंदाबाई. कोष्ट्याच्या घरची बालविधवा, गोपिकेहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ती घरोघर फिरून बायकांना सूत कातायला शिकवी, तशी गोपिकेच्या माहेरीही येऊन गेली होती.

गोपिकेनं हातातली पिशवी शेजारणीकडे दिली आणि जाऊन आनंदाबाईच्या बाजूला आडवी झाली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. लॉरी धडधडत होती, तिची ऊब गोपिकेच्या केसांना लागत होती. भीती वाटत होती, पण उठावंसं वाटलं नाही. मग पोलिसांनी काठ्या मारल्या, केसांना धरून ओढलं आणि सगळ्या बायकांना त्याच लॉरीत चढवलं.

कोर्टात ती आनंदाबाईच्या शेजारी उभी होती, तेव्हा तिचा नवरा आला. रूपराव तेव्हा विशीतला होता. त्यानं मॅजिस्ट्रेटपुढं हात जोडले आणि सांगितलं की बायको अडाणी आहे, बायकांच्या नादी लागून रस्त्यावर पडली, आपण काय करतो हे तिला कळलंच नाही, ती माफी मागेल. मॅजिस्ट्रेटनं गोपिकेकडे पाहिलं. रूपराव तिच्याकडे वळून हळूच म्हणाला, “चुकलं म्हण. एवढं म्हण, म्हणजे घरी जाऊ.”

गोपिका म्हणाली, “नाई.”

तिला नागपूरच्या तुरुंगात पाठवलं. उन्हाळा लागता लागता ती सुटून आली. सासरच्या दारात उभी राहिली तेव्हा सासूनं आतूनच सांगितलं की कोणाच्या हातचं खाल्लं, कोणाच्या नजरेखाली झोपली ठाऊक नाही, अशा बाईला हा उंबरठा नाही. रूपराव घरात होता. तो बाहेर आला नाही. भर कोर्टात बायकोनं आपल्याला खाली पाहायला लावलं, हे त्यानं मनात धरलं होतं. पुढच्या वर्षी त्यानं कोकिळेशी दुसरं लग्न केलं. गोपिका माहेरी आली ती आलीच.

एक आनंदाबाई तेवढी तिची राहिली. ती बोरगाव मेघेत एका खोलीत एकटी राहायची आणि लहान मुलांची बालवाडी चालवायची. बाजार आटोपला की गोपिकाबाई वाकडी वाट करून तिच्याकडे जायची, उरलेली मेथीची जुडी ठेवायची, चहा पिऊन घरी यायची. जुन्या गोष्टी त्या फारशा काढत नसत. तिथं बसलं की जेलवाली हा शब्द शिवीसारखा वाटत नसे, एवढंच.

बहात्तर साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली. गावोगावी सत्कार चालले होते. श्रावणातली एक सकाळ होती. नत्थूजींच्या वाडीपुढं बैलांची दमणी येऊन थांबली आणि तिच्यातून रूपरावजी उतरले. पांढरं धोतर, पांढरी टोपी. आता ते गावचे सरपंच होते आणि पुढं आणखी मोठं काही होण्याच्या खटपटीत होते. गोपिकाबाई गवारीच्या ओळीत बसली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि हातातल्या शेंगा तशाच धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांना लग्नकार्यात लांबून पाहिलं असेल तेवढंच.

रूपरावजींनी नत्थूजींची विचारपूस केली, पाऊसपाण्याचं बोलले. मग तिच्याकडे न पाहताच म्हणाले, “पंधरा आगस्टले आमच्या शाळेत कार्यक्रम हाये. नागपूरहून पाहुणे येऊन राह्यले. तू जेलात गेलती. तुहा सत्कार करायचा हाये. तू आमच्या घरचीच हायेस.”

ते गेल्यावर नत्थूजींचे डोळे भरून आले. त्यांना बहिणीचं ओझं कधी वाटलं नव्हतं, पण तिच्यामुळं घराला लागलेला डाग आता सगळ्यांसमक्ष धुऊन निघेल असं त्यांना वाटलं. त्यांची बायको मंदाबाई तर तेव्हाच पेटीतली नथ काढून घासायला बसली. गोपिकाबाई परत गवारीच्या ओळीत गेली. पण शेंगा तोडताना तिचं लक्ष नव्हतं. आमच्या घरचीच, हे दोन शब्द तिच्या कानात घुमत होते आणि त्यांचं तिला सुख वाटत होतं. आपल्याला सुख वाटतंय हे मनातल्या मनात कबूल करायलासुद्धा तिला अवघड गेलं.

पंधरा ऑगस्टला तिला न्यायला दमणी आली. सासरच्या दारात कोकिळा उभी होती. तिनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि गोपिकाबाई उंबरठा ओलांडून आत गेली. सासू केव्हाच वारली होती. कोकिळेनं तिला आतल्या खोलीत नेलं, स्वतःचं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, गुडघ्यावर बसून तिच्या निऱ्या केल्या, कुंकू लावलं. कोकिळेचे केसही पिकायला लागले होते. चार लेकरांची आई होती ती. लुगडं नेसवून झाल्यावर ती मागं सरकली, नीट पाहिलं आणि खाली मान घालून म्हणाली, “छान दिसून राह्यल्या, बाई.”

शाळेच्या पटांगणात मांडव होता. स्टेजवर पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यांच्या शेजारी रूपरावजींची आणि त्यांच्या शेजारी गोपिकाबाईची. खुर्चीवर बसायची तिला सवय नव्हती. ती काठावर टेकून बसली. मागच्या बाजूनं कोकिळा आणि दोन बाया पाहुण्यांना चहा देत होत्या. खाली सतरंजीवर गावातल्या बायका बसल्या होत्या आणि त्यांच्यात, पहिल्याच रांगेत, आनंदाबाई होती. पांढरं खादीचं पातळ, मांडीवर छत्री. तिला कोणी आमंत्रण दिलं नव्हतं. सत्कार कोणाकोणाचा करायचा हे गावोगावचे कर्ते पुरुष ठरवत होते आणि आनंदाबाईच्या मागं असा कोणी पुरुष नव्हता. गोपिकेचा सत्कार आहे हे बाजारात ऐकून ती चिखल तुडवत आली होती.

रूपरावजी बोलायला उभे राहिले. त्यांनी चांगलं भाषण केलं. लॉरीचं सांगितलं, काठ्यांचं सांगितलं. मग आवाज जड करून म्हणाले, “त्या दिवशी मी स्वतः कोर्टात हजर होतो. मॅजिस्ट्रेट म्हणाला, माफी माग, सोडून देतो. माझ्या पत्नीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला एकच सांगितलं. आपला संसार मोडला तरी चालेल, पण माफी मागू नकोस.”

टाळ्या वाजल्या. पाहुण्यांनी मान हलवली. गोपिकाबाईला आधी वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं. मग तिच्या ध्यानात आलं की चुकलेलं नाही. कोर्टात काय झालं हे या मांडवात तिघांनाच माहीत होतं. एक बोलत होता, एक स्टेजवर बसली होती आणि एक खाली सतरंजीवर.

शाळेच्या मास्तरांनी माईक तिच्यापुढं आणून ठेवला आणि दोन शब्द बोला म्हणून विनंती केली. ती उभी राहिली. आनंदाबाई खालून तिच्याकडे पाहत होती, राग नव्हता, नुसतं पाहत होती. बोलायला दोनच शब्द पुरले असते. पण त्या क्षणी गोपिकाबाईच्या मनात देश नव्हता, कोर्ट नव्हतं आणि आनंदाबाईही नव्हती. मनात एवढंच होतं की कार्यक्रम आटोपल्यावर आपण परत त्या घरी जाऊ, संध्याकाळ होईल आणि कदाचित कोणीतरी म्हणेल की आता राहा. आता जर बोलले तर ते कोणी म्हणणार नाही.

“मले बोलता नाई येत,” ती म्हणाली आणि हात जोडून खाली बसली.

पुन्हा टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत आनंदाबाई उठली, छत्री उघडली आणि बायकांच्या मधून वाट काढत निघून गेली.

संध्याकाळी कोणीही राहा म्हटलं नाही. पाहुण्यांची मोटार गेली आणि रूपरावजींनी ओसरीवरून गड्याला हाक मारली, “दमणी जुंप रे. बाईले उजेडात पोचवून दे.” ते तिच्याशी वेगळं काही बोलले नाहीत. तिनं लुगडं सोडून घडी घालून ठेवलं होतं. कोकिळेनं ते फडक्यात बांधून तिच्या हातात दिलं आणि राहू द्या तुमच्याकडेच म्हणाली. नको म्हणायला हवं होतं. गोपिकाबाईनं ते घेतलं.

घरी मंदाबाईनं शेजारपाजारच्या बायका बोलावून ठेवल्या होत्या. सत्काराच्या हाराची फुलं वाटली, लुगड्याला हात लावून पाहिला. ज्यांनी आयुष्यभर जेलवाली म्हटलं त्याच आता खोदून खोदून विचारत होत्या की नवऱ्यानं कोर्टात खरंच तसं सांगितलं का. म्हणजे गोष्ट दमणीच्या आधी पिपरीत येऊन पोचली होती. गोपिकाबाई नुसती हसली. त्या हसण्याची तिला मग रात्रंदिवस किळस आली. आजवर तिनं जी लाज वागवली ती लोकांनी तिच्या अंगावर टाकलेली होती. तिच्याखाली कुठंतरी ती स्वतः धड होती. ही लाज मात्र तिच्या घरची होती. खोटं दुसऱ्यानं सांगितलं, पण ते तिनं हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, दोन्ही हात जोडून खरं केलं होतं.

त्यानंतरच्या बाजारी ती बोरगावला गेली नाही. पुढच्या बाजारीही नाही. एकदा तोंड चुकवलं की दुसऱ्यांदा जाणं आणखी अवघड होतं, तसं झालं. ती सरळ वाटेनं घरी यायला लागली. बाजारात लांबून पांढरं पातळ दिसलं की टोपल्यात डोकं घालून जुड्या उलट्यासुलट्या करत बसायची. आनंदाबाईही तिच्या दुकानापाशी आली नाही. तिला आपलं तोंड पाहायचं नाही, हे गोपिकाबाईनं धरून चाललं.

वर्षं गेली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला रूपरावजी उभे राहिले तेव्हा त्यांच्या पत्रकावर गोपिकाबाईचा स्टेजवरचा फोटो होता. खाली लिहिलं होतं की पतीच्या आज्ञेनं जिनं तुरुंगवास पत्करला. प्रचाराच्या सभेत बसायला तिला न्यावं म्हणून ते स्वतः जीप घेऊन आले. जीप लांबून दिसताच गोपिकाबाई मागच्या दारानं निघाली आणि वाडीतल्या खोपडीत, राखणीच्या झोपडीत, जाऊन बसली. मंदाबाईला तिनं सांगितलं होतं, ताप आहे म्हणून सांग. रूपरावजी परत गेले. नत्थूजींनी विचारलं, “काऊन नाई गेली, बाई? एवढं मानानं बोलावून राह्यले ते.” तिला त्यांनाही सांगता आलं नाही. सांगायचं तर स्टेजवर गप्प का बसली हेही सांगावं लागलं असतं. तिला आठवलं, सतरा वर्षांची पोर असताना आपण मॅजिस्ट्रेटपुढं उभ्या राहून नाही म्हणालो, आणि आता या वयात तापाचं खोटं निमित्त काढून खोपडीत लपतो. रूपरावजी निवडून आले.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात शेजारी बसणाऱ्या भाजीवालीकडून तिला कळलं की बोरगावच्या म्हाताऱ्या बालवाडीवाल्या बाईंच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यांना पट्ट्या आहेत आणि करायला घरात कोणी नाही. गोपिकाबाईनं टोपलं त्या बाईच्या हवाली केलं आणि तशीच उठली. आपण जातोय ते मदतीला की आपल्या जिवाचं समाधान करायला, हे तिचं तिलाच कळेना.

खोली तीच होती. आनंदाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. फार वाळली होती. पाऊल वाजलं तसं तिनं तोंड वळवलं.

“कोण व?”

गोपिकाबाईनं चुलीपाशी जाऊन राखेत हात घातला, लाकडं नीट केली. आनंदाबाई जरा वेळ बांगड्यांचा आवाज ऐकत राहिली आणि म्हणाली, “गोपिका होय. बस.”

तिनं पातळ वरण आणि मऊ भात केला आणि घास करून आनंदाबाईला भरवला. आनंदाबाई घरच्या पोराबाळांची, नत्थूजींची, वाडीची चौकशी करत होती, जणू मागच्या बाजारीच भेट झाली होती. त्यामुळं गोपिकाबाईला जास्तच कोंडल्यासारखं झालं. ताटली खाली ठेवून ती म्हणाली, “अक्का, मले लाज वाटे तुमच्यापाशी यायची. त्या दिवशी मांडवात मी गप्प बसली. तुमी उठून गेल्या.”

“म्हून नाई व गेली मी,” आनंदाबाई म्हणाली.

मग ती थांबत थांबत बोलली. “मीनं तुले पाह्यलं. हिरवं लुगडं, नथ, नवऱ्याच्या बाजूले खुर्ची. तुह्या तोंडावर किती आनंद होता. मले वाटलं, हे सारं हिचंच होतं अन् ते मीनं घालवलं. कोर्टात तुहा हात माह्या हातात होता. तो म्हणे, चुकलं म्हण. तुहा हात ढिला पडला. मीनं तो दाबला, जोरानं. तवा तू नाई म्हणली. तू गेली असती त्याच्यासंगं. नांदली असती. लेकरं झाली असती. मीनं जाऊ देल्लं नाई. तुह्यापुढं यायचं तोंड नोयतं मले.”

हात दाबलेला गोपिकाबाईला आठवत होता. पण त्याच्या आधीचंही आठवत होतं, आणि ते तिनं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. रूपराव साहेबापुढं हात जोडून म्हणाला होता की ही अडाणी आहे, हिला कळलंच नाही. आणि ती तर इंजिनाची ऊब केसांना लागत असताना, भीती वाटत असताना, पूर्ण कळून तिथं पडून राहिली होती. तेवढी एक गोष्ट तिनं जन्मात स्वतःच्या मनानं केली होती. ती नकळत झाली असं म्हणायला तिची जीभ वळली नाही. हात ढिला पडला तो नवरा आता सुटला याचं दुःख झालं म्हणून. पण उत्तर त्याच्या आधी ठरलं होतं.

“हात तुमी दाबला असन, अक्का,” ती म्हणाली. “पण नाई मी म्हणली. तुमी नसत्या बाजूले तरी मी नाईच म्हणली असती.”

“मले बरं वाटावं म्हून सांगून राह्यली?”

“नाई. खरं हाये.”

आनंदाबाईला रडू यायला लागलं. डॉक्टरांनी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. गोपिकाबाई घाबरली आणि लहान पोरीला समजवावं तशी तिची पाठ चोळत बसली. पाठ चोळता चोळता तिला आणखी एक गोष्ट उमगली आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. त्या एका नकाराचं श्रेय नवऱ्यानं मिरवायला नेलं आणि त्याचाच दोष ही बाई उरावर घेऊन बसली. आणि जिचा तो होता ती दोघांच्याही पुढं गप्प राहिली. आपली लाज कुरवाळत राहिली, आणि इकडं एक म्हातारी दहा वर्षं विनाकारण झुरत होती.

गोपिकाबाई मग रोज बोरगावला जायची. पट्ट्या सुटल्यावरही तिनं जाणं सोडलं नाही. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात आनंदाबाई चार दिवसांच्या तापानं गेली.

बालवाडीच्या खोलीत शोकसभा झाली. माणसं फार नव्हती. रूपरावजी मात्र जीपनं आले. बरोबर कोकिळा होती. आता असल्या प्रसंगी ते कुठंही पोचत असत. हार घालून ते बोलायला उभे राहिले. आनंदाबाईंच्या त्यागाचं सांगितलं आणि बोलता बोलता कोर्टात आले. त्या दिवशी त्या दोघीजणी घाबरल्या होत्या, मीच त्यांना धीर दिला, असं ते म्हणाले.

“खोटं हाये,” गोपिकाबाई म्हणाली.

ती बायकांच्या घोळक्यात भिंतीशी बसली होती. आवाज चढला नाही. जवळच्यांनी ऐकलं, मागच्यांना कळलं नाही काय झालं. रूपरावजी थांबले. तिनं पुन्हा म्हटलं, “खोटं हाये ते. यांनीच माफी माग म्हटलं होतं.” खोलीत चुळबूळ झाली. नत्थूजी वाकून तिला उठवायला लागले. रूपरावजींनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, दुःखाचा प्रसंग आहे, बाईंच्या मनावर परिणाम झालाय असं म्हणून एक मिनिट शांत उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. तीही उभी राहिली.

सभा मोडल्यावर बाहेर चपला घालायच्या गर्दीत कोकिळा तिच्याजवळ आली. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, “कोर्टात काय म्हणले होते ते, बाई? खरं सांगा.”

गोपिकाबाईनं तिच्याकडे पाहिलं. हिला सांगणं म्हणजे हिच्या चाळीस वर्षांच्या संसारात हात घालणं होतं. तरी तिनं सांगितलं, जसं झालं तसं, कमीजास्त न करता. कोकिळेनं सारं ऐकून घेतलं. पदर सावरून ती जीपकडे गेली आणि मागच्या सीटवर चढून बसली.

त्यानंतर रूपरावजींकडून पिपरीला बोलावणं आलं नाही. त्यांच्या गावच्या शाळेनं पुढं एक पुस्तिका काढली, तिच्यात कोर्टाची गोष्ट रूपरावजींनी सांगितली तशीच छापली आहे. गोपिकाबाईचं म्हणणं दुःखाच्या भरात निघालेलं बोलणं म्हणून लोकांनी सोडून दिलं. पण नत्थूजींच्या नातींनी तिला एकदा नीट विचारलं. ती वाडीत पालक धूत होती. तिनं त्यांना लॉरीचं सांगितलं, कोर्टाचं सांगितलं. मग हिरव्या लुगड्याचं, स्टेजवर हात जोडल्याचं आणि खोपडीत लपल्याचंही सांगितलं. हे शेवटचं सांगताना ती पाण्यातला पालकच पाहत होती. पोरींकडे वर पाहणं काही तिला जमलं नाही.